आज कापायचं, उद्या मोजायचं

आत्याच्या वर्कशॉपच्या दारामागे खडूने एकच वाक्य लिहिलेलं होतं: आज कापायचं, उद्या मोजायचं. येणारेजाणारे ते वाचून हसायचे. हसोत बापडे. तिने वाक्य पुसलं नाही.

कारण अगदी साधं. ॲल्युमिनियम कापताना तापतं, तापलं की फुगतं, आणि फुगलेल्या भोकाचं माप खोटं येतं. एक रात्र थंड होऊ दिलं तरच ते खरं बोलतं. तीस वर्षं इंजिनांचे सिलिंडर कापणाऱ्या या बाईचा हात असा, की बोट फिरवून म्हणायची, "इथे किंचित राहिलंय," आणि मापाचं यंत्र मुकाट्याने तेच सांगायचं. खरं तर ती एकाच भाच्याची आत्या. पण तो लहानपणी दिवसभर तिच्या नावाने हाका मारत दुकानात हुंदडायचा, त्यामुळे ती सगळ्या गल्लीची आत्या झाली.

तो भाचा आता डोंगरचढाच्या शर्यतीत गाडी चालवायचा. गाडी टर्बोची, इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, ॲल्युमिनियमचा. हलका म्हणून चांगला, पण एक खोड होती. आतले चारही सिलिंडर वरून सुटे, ट्रेमध्ये पेले ठेवावेत तसे. टर्बोने हवा कोंबली की ते हलायचे, वरच्या झाकणाखालची पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, फाटायचं आणि पाणी इंजिनात शिरायचं. असे दोन ब्लॉक कामातून गेले होते. संघाचा मालक भाच्याला स्वच्छ म्हणाला होता, "हा तिसरा. या शनिवारी गाडी वर पोचली नाही, तर सीट दुसऱ्याची."

आत्याने उपाय काढला. मऊ भिंती कापून काढायच्या आणि तिथे जाड बिडाचे स्लीव्ह, म्हणजे नळकांडी, बसवायचे. त्यांच्या वरच्या कडा एकमेकींना आणि ब्लॉकला टेकलेल्या, म्हणजे हलायला जागाच नाही. भोक स्लीव्हपेक्षा केसभर लहान ठेवायचं, ब्लॉक भट्टीत तापवायचा आणि स्लीव्ह एका दमात आत सोडायचा. मध्येच थांबला तर संपलं.

बुधवारी दुपारी कापणं झालं आणि भाचा डोक्यावर येऊन उभा राहिला.

"आत्या, मोज ना. उद्या इंजिन जोडायला नको का?"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ब्लॉक गरम आहे."

"कोमट आहे फक्त. आत्या, माझी सीट जाईल गं."

तिने मापाचं यंत्र उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने कोमट ब्लॉक मोजला. माप बरोबर आलं. भट्टी पेटली, चारही स्लीव्ह लोण्यात सुरी जावी तसे बसले. भाच्याने तिला उचलून गरकन फिरवलं. तीही हसली, पण त्या संध्याकाळी दार ओढताना तिने खडूच्या अक्षरांकडे पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी ब्लॉक गारठलेला होता. तिने स्लीव्ह आतून मोजले. पुन्हा मोजले. मग स्टुलावर बसली. स्लीव्ह हवे होते त्याहून तीन शतांश मिलिमीटर जास्त आवळले गेले होते. म्हणजे काल भोक फुगलेलं होतं आणि मापाने तिला फसवलं होतं. दोन सिलिंडरमधली पातळ भिंत आताच ताणलेली, वर टर्बोचा दाब आला की चिरणारच.

भाचा संघाच्या मेकॅनिकला घेऊन ब्लॉक न्यायला आला. तिने सगळं सांगितलं. मेकॅनिक इकडेतिकडे पाहत म्हणाला, "तीन शतांश कोण बघतंय? अळीमिळी गुपचिळी. एक शर्यत निघेल."

"नाही निघाली तर हा वळणावर असेल," आत्या म्हणाली. "चारही स्लीव्ह कापून काढणार. नवीन यायला आठवडा लागेल."

"म्हणजे शनिवार गेला," भाचा म्हणाला. "तू माझं वाटोळं केलंस, आत्या."

"केलं. पण इथे टेबलावर केलं, वर डोंगरात नाही."

तो पाय आपटत निघून गेला. तिला फार लागलं, आणि लागलं ते बरोबरच आहे असंही वाटलं. तिने हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि ब्लॉक हातगाडीवर ठेवून थेट मालकाच्या कचेरीत गेली. अशी बाई शोधून सापडायची नाही. लोक चूक झाकायला धावतात, ही ती ढकलत घेऊन निघाली.

"शनिवारी गाडी नाही," ती म्हणाली. "चूक माझी. माझाच नियम मी मोडला. सीट काढायची असेल तर त्याची काढू नका, माझं काम काढा."

मालकाने विचारलं, "कितीने चुकलात?"

"तीन शतांश."

त्याने वाकून ब्लॉकच्या आत पाहिलं. "शनिवारी संघाच्या दुसऱ्या गाडीत दुसरा बसेल," तो म्हणाला. "पुढच्या शर्यतीला हे इंजिन तयार असेल तर तुमचा भाचा. आणि काम तुमच्याकडेच."

भाचा चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला, झाडू घेतला आणि धातूचा कीस गोळा करू लागला. आठवड्याने नवीन स्लीव्ह आले, भोकं पुन्हा कापली. त्याच दुपारी मेकॅनिकचा फोन आला, माप काय आलं म्हणून. फोन भाच्याने उचलला.

"आज कापलंय," तो म्हणाला. "उद्या मोजायचं."

आत्याने पाठ फिरवली आणि उगाच जुना कपडा शोधू लागली. डोळे पुसायला तोच मिळाला.

पुढची शर्यत बघायला ती गेली नाही. फोन मात्र समोर ठेवून बसली होती. दुपारी तो वाजला.

"आत्या, वर पोचलो. पाण्याचा एक थेंब नाही. मी आत्ता इंजिन उघडून बघू का?"

"आत्ता नको," ती म्हणाली. "थंड होऊ दे आधी."