म्हसोबाच्या वळणावर सुटलेला उजवा हात

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला वंदन करून, आणि त्याच्याच कृपेने हातपाय शाबूत राहिल्यामुळे, हे लिहितो आहे...

गेल्या रविवारी शिनोलीजवळच्या एका टेकडीवरून मी माउंटन बाइकने खाली उतरलो. वाट इतकी लहान, की वरून मारलेली हाक खाली ऐकू यावी. आणि इतकी उभी, की वरून खालचे काहीच दिसू नये.

याच वाटेवर गेल्या वर्षी माझ्या मुलीचे, मुक्ताचे, खांद्याचे हाड मोडले. तेव्हापासून ‘सायकल सोड’ हे माझे पालुपद. अखेर ती म्हणाली, “बाबा, एकदा स्वतः उतरून बघा. त्यानंतर ‘सोड’ म्हणालात, तर सोडेन.” पूजेची फुले मी रोज सायकलवरूनच आणतो... त्या भरवशावर होकार देऊन बसलो.

आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “घ्या हात मोडून. मग तुमच्याऐवजी नैवेद्य मुक्ता करील, आणि देव जळका खाईल!”

वर पोहोचल्यावर मुक्ताने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवले आणि बजावले, “उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. तो करकचून दाबलात तर उलटे व्हाल.” शेळ्या राखणारे एक गृहस्थ हे ऐकत होते. “पावणं, चालत उतरा की राव! म्हसोबाच्या वळणाला लई वंगाळ जागा हाय. आमच्या शेळ्या बी तितं दबकत्यात.”

दैवी गुणांमध्ये अभयाला अग्रस्थान आहे, हे मी प्रवचनांतून आयुष्यभर सांगत आलो. त्या क्षणी मात्र मनातले नामस्मरणही अडखळत होते...

मुक्ता पुढे जाऊन वळणावर थांबली. मी निघालो. चाकाखालून मुरूम घरंगळू लागला, आणि भीतीने दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. पुढचे चाक जागच्या जागी थबकले, मागचे उचलले जाऊ लागले, आणि खालची खोली एकदम डोळ्यांपुढे आली.

“बाबा, उजवा सोडा! सोडा!” मुक्ता जिवाच्या आकांताने ओरडत होती. मला सारे कळत होते... पण बोटे ऐकत नव्हती.

तेवढ्यात समोर शेंदूर दिसला. म्हसोबा! वाटेत देव दिसला की उजवा हात छातीला लावायचा, ही लहानपणापासूनची सवय. हात आपोआप उठला... ब्रेक सुटला, चाक फिरले, आणि एका हाताने झोकांड्या खात वळण पार करून मी खालच्या घाणेरीच्या झुडपात जाऊन पडलो.

मुक्ता धावत आली. “उतारावर नमस्कार कोण करतं, बाबा?” ती हसत होती की रडत होती, कळेना. मग डोळे पुसून म्हणाली, “बोला आता. सोडू?”

‘सोड’ हा शब्द ओठांवर आला होता. पण आवळलेल्या मुठीने मला जवळजवळ खाली फेकले होते, हे हाताला अजून आठवत होते... म्हणालो, “तू नको सोडूस. माझ्याच्याने काही सुटते का, ते बघतो.”

भीती गेलेली नाही. मुक्ता सायकल घेऊन निघाली, की जपमाळ घेऊन मी दारातच बसतो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला नेमक्या अवघड वळणावर देव दिसो, आणि आवळलेली मूठ वेळेवर सुटो... सर्वांचे कल्याण असो.