इंजिनियर भावाचं मत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. "बहिणीवर किती जीव आहे हो तुमचा!" असं नातेवाईक म्हणाले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जीव? माझा?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पा नाशिकरोडजवळच्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. इंजिनियर झाल्यावर मी अणुऊर्जेच्या प्रशिक्षणाची परीक्षा दिली — यादीत नाव नाही. दोन वर्षांनी धाकटी सुजाता त्याच परीक्षेला बसली आणि मुलाखतीतूनही निवडली गेली. पेढे मीच आणले. काय हसतमुखाने वाटले म्हणून सांगू!

आप्पांना एकच धास्ती होती — किरणांची. पोरीला पुढे मूलबाळ होईल ना? पण त्यांनी तिला विचारलं नाही, मला विचारलं. मी इंजिनियर ना! ती निवडीचं पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथे प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो, अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते तो मोजतो, मर्यादेपलीकडे जाऊ देत नाहीत — हे तिने आदल्याच दिवशी मला हरखून समजावलं होतं. मला ते आधीपासून ठाऊक होतं. आप्पा ज्या कोळशाच्या राखेत वावरले तिच्यातही थोडा किरणोत्सर्ग असतो, हेही ठाऊक होतं.

"भाऊ, तू सांग ना आप्पांना," ती म्हणाली.

आणि मी — मी काय सांगितलं? "धोका तर आहेच, आप्पा. उद्या मूल झालं नाही तर कोणाला जाब विचारणार?"

झालं! आप्पांनी तिच्या हातातलं पत्र घेतलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी जेवलो, पोटभर. काळजी वाटत होती म्हणता? कसली काळजी! माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं. आता ती गंगापूर रोडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. अणुभट्टीची आकृती पुस्तकात न बघता फळ्यावर काढते म्हणे.

तिला मूल झालं नाही. अणुभट्टीच्या आसपासही न जाता झालं नाही. दवाखाने करून थकली. एकदा ती माहेरी आलेली, आम्हा दोघांना चहा देत होती, तेव्हा आप्पा मला म्हणाले, "बरं झालं तुझं ऐकलं. नाहीतर जन्मभर त्या नोकरीलाच बोल लावत बसलो असतो."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं!

उघडलं. म्हणालो, "हो ना, आप्पा."