तीन नंबरची रेघ

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका खाद्यरंगाच्या फॅक्टरीत तहसीन बारा वर्षं लॅब असिस्टंट होती. बाई मोठी करडी. बाटलीवर तारीख नसली की मॅनेजरचीही खैर नाही. फक्त बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिल्याचा विषय कोणी काढला की उठून बाटल्या लावायला लागायची.

यंदा तिच्या साहेबीण मृणालिनी मॅडमनी शब्द दिला होता, "या तीन जंतूंची ऑर्डर बरोबर लावा, ॲनालिस्टच्या पोस्टसाठी तुमचंच नाव देते." मूळचा जंतू तीन पायऱ्यांत लाल रंग बनवतो, दर पायरीला एक एन्झाइम. या तिघांचं एकेक वेगळं एन्झाइम बिघडलेलं, म्हणून तिघेही पांढरे. कोण कुठल्या पायरीवर अडकलाय, ते शोधायचं.

तहसीनने जंतू वाढवायच्या प्लेटवर तिघांच्या रेघा शेजारी शेजारी ओढल्या. अडकलेल्याकडे अर्धवट माल साचतो, पाझरतो; शेजाऱ्याला तो पुढे नेता आला तर शेजारी लाल होतो. दोन दिवसांनी बघते तर तीन नंबरजवळ एक आणि दोन, दोघेही लाल. दोनजवळ फक्त एक नंबर लाल. एक नंबर कोणालाच काही देईना.

"खलास! एवढंच?" म्हणत तिने लिहून टाकलं: पहिल्या पायरीवर तीन नंबर, मग दोन, शेवटी एक. हर्णैच्या घरी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानवर वाढणारं माणूस सगळ्यांत थोरलं. सगळ्यांना देतो तो पहिला, यात शंका कसली?

जेवणाच्या सुट्टीत रास अल खैमाहून धाकट्या बहिणीचा, फिझाचा फोन आला. "आपा, शाळेत परमनंट झाले! तुझ्याच वह्यांवर बीएस्सी केलं गं मी."

तहसीनचा घास हातातच राहिला. अब्बा आजारी पडले आणि शिक्षण सुटलं तेव्हा ती शेवटच्या वर्षात होती, म्हणून तर वह्या होत्या. पहिल्याच वर्षी अडकली असती, तर फिझाला द्यायला होतं काय?

"या खुदा, उलटं लिहिलं की मी!"

तिने कागद फाडला आणि नव्याने लिहिलं: एक, दोन, तीन. सगळ्यांना देणारा तीनच शेवटच्या पायरीवर अडकलाय. त्याच्या पुढचं काही शेजाऱ्यांकडे नाहीच, म्हणून तो एकटा पांढरा. तिला त्याची कीव आली, मग स्वतःचा राग आला.

मॅडमनी कागद वाचला. "परफेक्ट. नाव आजच पाठवते. पण डिग्री पूर्ण करायची अट घालतील हं."

"घालू देत," तहसीन म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने फिझाला फोन लावला.

"माझ्या वह्या परत पाठव."