शिक्षणाच्या रकान्यातली अक्का

अक्का गेल्याचा निरोप मला कॉलेजच्या वाचनालयात मिळाला. पिंप्राळ्याचे आमचे शेजारी सायकलवर आले होते. आत यायला ते बिचकले, दारातूनच त्यांनी हात केला... त्याला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन शांत असावं म्हणतात. माझं नाही.

अक्का माझी सख्खी आत्या. जळगावात निराधार वृद्धांच्या एका आश्रमात तिनं अठरा वर्षं काम केलं. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, त्यांची घाण काढायची. कापसाचा हंगाम लागला की बाकीचे कामगार जास्त मजुरीसाठी सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यांत निघून जात. आश्रमाचे चिटणीस दर वर्षी कपाळाला हात लावत, "माणसं टिकतच नाहीत हो!" अक्का टिकली. तू का नाही जात, असं मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाली, "कापूस काय माले हाका मारस?"

गेल्या वर्षी नवे नियम आले. सरकारी अनुदान हवं असेल तर प्रत्येक सेवक निदान चौथी पास पाहिजे. अक्का छापील फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. "चौथी पास लिखी दे ना भो. कोन देखस?"

मी इंटरला होतो, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. मी तिला खरेपणावर व्याख्यान दिलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बरं बाबा, तुले ठाऊक." शिक्षणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'निरक्षर' लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला आणि कागद शेजारणीला नेऊन दाखवला, "देख, मना भाचानं कसं मोत्यासारखं लिखं!"

तिची अठरा वर्षंही कुणीतरी पाहील, असं मला वाटलं होतं. पण त्या वर्षांसाठी फॉर्मात रकानाच नव्हता.

तिला काढलं तेव्हा मी चिटणिसांकडे गेलो. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "नियम आहे. आणि हे अक्षर तुमचंच ना?" मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. म्हाताऱ्यांची आबाळ होऊ नये म्हणून नियम हवेत, एवढं मलाही कळतं. पण ज्यांनी हा नियम लिहिला, त्यांनी कधी एका म्हाताऱ्याचं अंथरूण बदललं होतं का? माणसं टिकत नाहीत म्हणून रडायचं, आणि टिकलेलं एकुलतं एक माणूस अंगठा बघून हाकलायचं! तिच्या जागी चौथी पास दोघं आले. एक जण महिन्याच्या आत पळाला, दुसरा जिनिंगमध्ये गेला.

अक्का घरी बसली. मला ती एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुपारी आश्रमाच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. मग ताप आला, आणि तापातून ती उठलीच नाही.

परवा मी आश्रमात गेलो. ती गेल्याचं तिथल्या लोकांना सांगायला हवं होतं. चिटणीस ओळखीचं हसले. "इंटर झालात ना? जागा रिकामी आहे, बघा." मी त्यांच्याकडे न बघता आत गेलो. शिरपूरकडचे नाना खाटेवर बसले होते. त्यांना दिसत नाही. पुढ्यात ताट होतं, वरणावर साय धरली होती. कुणीतरी ठेवून निघून गेलं असावं.

"कोन शे?"

"अक्काचा भाचा, नाना."

"अक्का उनी का?"

ती आली का, हे ते अजून रोज विचारत असावेत. मी भाकरी कुस्करली, वरणात कालवली आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. नानांना जोराचा ठसका लागला. घास बाहेर आला, माझ्या शर्टावर सांडला. मी घाबरून त्यांची पाठ चोळत राहिलो. जरा वेळानं त्यांनी चाचपडत माझा हात धरला, ताटात नेला आणि माझ्या बोटांवर आपली बोटं दाबली.

"बारीक कर, भो. अजून बारीक... अक्का करे तशी."