तुटक निळी रेघ
ड्रॉवर आवरताना जुना नकाशा उलगडला आणि वाळलेल्या चिखलाचा वास आला. ऐंशीच्या दशकात आम्ही नवरा-बायको अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वाळवंटी दऱ्या बघायला गेलो होतो. नकाशात दरीच्या तळाशी तुटक निळी रेघ होती आणि दोन्ही बाजूंना उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे उभे कडे. “तुटक असली तरी ही नदी आहे, कधीही वाहील, इथे थांबायला नको,” मी म्हणाले. “कोरडी आहे गं! आपल्याकडे पात्रात कलिंगडं लावतात,” नवरा हसला आणि सावली बघून त्याने गाडी पात्रातच लावली. सतरंजी अंथरून आम्ही दशम्या सोडल्या. डोक्यावर एकही ढग नव्हता. पाऊस दूर वरच्या पठारावर पडला असणार. आधी घरघर ऐकू आली, मग वळणावरून लाल चिखलाची भिंतच आली, झाडं आणि दगड आपटत. नकाशा मुठीत धरून मी कातळावर चढले, मागोमाग तोही. तेवढ्यात “अगं, गाडी!” म्हणत तो खाली वळला. मी कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि सणसणीत थोबाडीत मारली. तो मटकन बसला. खाली आमची गाडी कड्यांवर आपटत, पत्र्याच्या डब्यासारखी चेपत वाहून गेली. त्या चपराकीबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. गाडी कुठे लावायची, हे मात्र तेव्हापासून मी ठरवते.