बाटलीमास्तरांची सोयरीक

आमच्या ठाण्याच्या शाळेतल्या बाटलीमास्तरांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. तरी सकाळी ते घराबाहेर पडले की बगलेत उपरण्यात गुंडाळलेली बाटली असायचीच. आतून-बाहेरून कथलाचा वर्ख चिकटवलेली, बुचातून पितळी दांडी वर आलेली, दांडीच्या टोकाला लिंबाएवढा गोळा. चामड्याच्या गादीवर काचेची तबकडी फिरवून काढलेली वीज त्या बाटलीत साठवता येई. मास्तर शास्त्र शिकवत, मी मराठी. वर्ग शेजारी शेजारी. पलीकडून ‘चट्’ असा आवाज आणि पाठोपाठ किंकाळी आली की माझा वर्ग व्याकरण सोडून हसत बसे.

गोळ्यापाशी त्यांनी भेंडाच्या हलक्या गराच्या दोन बारीक गोळ्या दोऱ्यांनी टांगल्या होत्या. बाटली भरू लागली की त्या एकमेकींपासून फाकत. “बघा, आधी भराभर फाकतात, मग सावकाश,” मास्तर सांगत. “आत जितकी साठते, तितकं नव्या विजेला शिरणं जड जातं. पंगतीत पहिले लाडू कसे पटापट जातात, आणि शेवटचा बराच वेळ पानातच!”

बाटली रिकामी करायच्या दोन तऱ्हा होत्या. गोळ्याला आणि बाहेरच्या वर्खाला तार लावली तर एका ठिणगीत सगळं संपे. किंचित दमट सुती दोरा लावला तर वीज त्यातून अडखळत जाई; गोळ्या आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत जवळ येत. हे सूत्र मास्तर माणसांनाही लावत. एकदा हेडमास्तर त्यांच्यावर भडकले. मास्तर नुसते मान डोलवत उभे. मी खुणेनं ‘चला’ म्हटलं, तर कुजबुजले, “पहिला जोर गेला. उरलेला हळूहळू उतरेल. तोवर थांबू की!”

पण त्यांच्या लेकीचं, यमूचं, लग्न या बाटलीपायी मोडायची वेळ आली. कल्याणच्या कचेरीतले एक शिरस्तेदार मुलासाठी तिला पाहायला यायचे होते. त्यांच्या धाकट्या भावाने बाजारात मास्तरांचं खरं नाव सांगून घर विचारलं. कोणालाच कळेना. शेवटी एक वाणी म्हणाला, “म्हंजे बाटलीमास्तर! आत्ताच बगलेत घेऊन घरी गेले की.”

दोघे भाऊ ओटीवर आले ते तोंड वाकडं करूनच. मीही तिथे होतो. चहा कोणी घेईना. शिरस्तेदार म्हणाले, “मास्तर, आम्ही तुमच्याविषयी वाईट ऐकलंय. बाटलीचं खरं का?”

“अगदी खरं,” मास्तर खुलून म्हणाले. “दाखवतो ना!”

मी कपाळाला हात लावला. मास्तरांनी बाटली पुढ्यात ठेवली, तबकडी फिरवली, गोळ्या फाकल्या. थंडीचे दिवस होते, खाडीची हवाही कोरडी. विजेला तर भरतं आलं होतं. मग तार लावली. चट्! भाऊ दोन हात मागे सरकला.

“झाली रिकामी,” मास्तर म्हणाले आणि वर्गात बोलावं तसं बोलत राहिले. शिरस्तेदार जातीचे संशयी. रिकामी आहे का ते पाहायला त्यांनी एका हाताने बाटली उचलली, दुसऱ्याने गोळ्याला बोट लावलं.

पगडी माझ्या मांडीवर येऊन पडली.

“रिकामी म्हणालात ना!” शिरस्तेदार ओरडले. मास्तर काही बोलायच्या आत माजघराच्या दाराआडून आवाज आला, “काचेत थोडी मुरलेली असते. ती मागाहून वर येते.”

आता संपलंच, असं मला वाटलं. शिरस्तेदारांचा चेहरा लालबुंद.

“हे कोण बोललं?”

“तुम्ही जिला पाहायला आलात, ती,” मास्तर म्हणाले. सबब सांगितली नाही, माफीही मागितली नाही. पोरीला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

शिरस्तेदारांनी बोट चोळलं. पगडी घेतली, नीट बसवली. दाराकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, “मास्तर, पुन्हा भरा ती.”

“पुन्हा?”

“या वेळी आमच्या बंधुराजांना हात लावू द्या. बातमी त्यांनीच आणली होती.”

आतून पहिलं हसू फुटलं ते मास्तरांच्या बायकोचं. त्या दिवशी चहा पुन्हा झाला, आणि सोयरीक ठरली.

लग्नानंतर वऱ्हाड बंदरावरून पडावाने कल्याणला निघालं. यमू वाकून पाया पडली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात काही निघेना.

“मास्तर, भरती थांबाची नाय,” पडाव हाकणारा कोळी तांडेल हलकेच म्हणाला.

पडाव सुटला. शीड वळणाआड गेलं तरी मास्तर काठावरच उभे. अखेर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “चला, तास सुरू व्हायची वेळ झाली.”

रविवार होता. तरी दोघे शाळेपर्यंत चालत गेलो.