अक्काचा हँग होणारा कॉम्प्युटर

नांदेडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. घरातला जुना डेस्कटॉप नुसता पडून होता, तो मी थोरल्या बहिणीला जळकोटला नेऊन दिला. अक्का मराठी टायपिंग शिकली होती आणि तिथल्या एका शाळेच्या सरांनी तिला प्रश्नपत्रिका टाइप करायला द्यायचं कबूल केलं होतं. देण्याआधी मी डबा खोलला, प्रोसेसरवरचा पंखा काढून धूळ झटकली, परत बसवला.

आठ दिवसांत तिचा फोन आला.

"हँग होऊन राहिलाय रे. माऊस बी हलंना."

"काहीतरी भलतंच दाबत असशील," मी म्हणालो.

मग हे फोन नेहमीचेच झाले. मी कधी व्हायरस म्हणायचो, कधी विंडोज नव्याने टाकावं लागेल म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "थोडा वेळ बंद ठिवला की चालतोय बघ. दम लागल्यावानी करतोय." मी हसलो. लॅबमधल्या मुलांनाही ते सांगून हसवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. दाजी म्हणाले, "तिच्यानं न्हाई जमलं ते. सरांचा पेपर अर्धाच ऱ्हायला, काम गेलं दुसरीकडं." अक्का चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही.

मी तो चालू करून बसलो. शेजारी तिची वही होती, सहज उघडली. प्रत्येक वेळची नोंद होती: चालू केला कधी, अडकला कधी, त्याआधी कोणतं बटण दाबलं होतं. 'क्ष' दाबल्यावर दोनदा बंद पडला म्हणून पुढं तिनं 'क्ष' येणारे शब्दच टाळले होते. बटणं दरवेळी वेगळी होती, पण वेळ जवळजवळ तीच. चालू केल्यापासून पंधरा-वीस मिनिटं. तापत होता. तिनं वही फोनवर वाचून दाखवली असती तर मला तेव्हाच कळलं असतं. पण मी तिला बोलू कुठं दिलं होतं?

डबा खोलला. पंखा फिरत होता, पण त्याच्या चार खुंट्यांपैकी एक खाचेत बसलीच नव्हती, त्यामुळे तो प्रोसेसरला नीट टेकत नव्हता. डबा माझ्यानंतर कुणी खोलला नव्हता.

जळकोटात एका दुकानातून प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट आणून लावली, खुंटी दाबून बसवली. दोन तास चालवून पाहिला, अडकला नाही.

"काय झालतं?" अक्कानं विचारलं.

"धूळ होती," मी म्हणालो.

"माझ्या हातानं न्हाई ना काही?"

"नाही."

दाजी समोरच बसले होते. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही.

नांदेडला आल्यावर चार दिवस काढले आणि मग फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्येच यांना सांग. अन् सरांना बी."

दोघांनाही सांगितलं. दाजी नुसतं "बरं" म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं, पण काम दुसऱ्या बाईंना दिलं होतं, ते काढून घेणं त्यांना बरं वाटेना. त्यांचं बरोबरच होतं.

पुढं अक्कानं लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून द्यायला सुरुवात केली. आता बरं चाललंय. मध्ये प्रिंटर बिघडला तेव्हा तिनं उदगीरहून माणूस बोलावला. मला ते भाचीकडून कळलं.